छायाचित्रणाचा तास

चित्रकलेच्या तासाला विद्यार्थी पेन्सिल हाती घेतो, तेव्हा त्याची पहिली रेघ क्वचितच सरळ येते. कुंडी काढावयास जावे तर ती एका अंगास कलते. आंबा काढावयास जावे तर त्याचा बटाटा होतो. हात वळेपर्यंत कित्येक कागद खर्ची पडतात. छायाचित्रणात मात्र ही अडचण मुळीच नाही. कळ दाबली की चित्र तयार! कुंडी कुंडीसारखी आणि आंबा आंब्यासारखा. जे साधण्यासाठी चित्रकाराला वर्षानुवर्षे खपावे लागते, ते यंत्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करून देते. मग प्रश्न असा उभा राहतो की, चित्र जर यंत्रच काढीत असेल, तर छायाचित्रणाच्या वर्गात शिक्षकांनी शिकवावयाचे काय, आणि विद्यार्थ्यांनी शिकावयाचे काय?

मुंबईच्या उपनगरांतील एखाद्या शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या कलाशिक्षकांवर छायाचित्रणाचा वर्ग सोपविला गेला, तर त्यांना प्रथम याच प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. पश्चिमेस अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि पूर्वेस घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही वस्तीत जावे, चाळीतल्या खोलीत काय किंवा उंच इमारतीतल्या सदनिकेत काय, घरात निदान एक तरी मोबाइल असतोच, आणि त्याच्या पाठीवर कॅमेऱ्याचा चिमुकला डोळा असतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना ठरलेला अभ्यासक्रम आहे; तो शिक्षकांना वाट दाखवितो. छायाचित्रणाच्या वर्गाची वाट शिक्षकांना बरीचशी स्वतःच आखावी लागते.

ती आखण्यापूर्वी शिक्षकांनी वर्गाला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. "तुमच्या घरच्या मोबाइलमध्ये किती छायाचित्रे आहेत?" कोणी म्हणेल पाचशे, कोणी म्हणेल दोन हजार. त्यानंतर दुसरा प्रश्न विचारावा. "त्यांतले एक आठवा. त्यात प्रकाश कोणत्या बाजूने येत होता? मागे काय होते? त्या माणसाचे हात कोठे होते?" आता मात्र वर्ग गप्प होईल. छायाचित्रे हजारो आहेत, परंतु त्यांतले एकही धड पाहिलेले नाही! मराठीत 'दिसणे' आणि 'पाहणे' ही दोन निराळी क्रियापदे आहेत. डोळे उघडे असले की दिसते. पाहण्यासाठी मात्र मन लावावे लागते. कॅमेऱ्याला सर्व काही दिसते, पण तो काहीच पाहत नाही. ते काम कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाचे आहे. छायाचित्रणाच्या तासाला शिकवावयाचे ते हेच.

छायाचित्रण शाळेत शिकविण्याची कल्पना मुंबईला नवीन नाही. ऑगस्ट १८३९ मध्ये फ्रान्समधील दागेर याची छायाचित्र घेण्याची रीत पॅरिस येथे जाहीर झाली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली. प्रख्यात विद्वान आणि वैद्य डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्या कार्यात सामील होते. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५५ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन या विद्यालयात छायाचित्रणाचा वर्ग उघडण्यात आला. क्रॉफर्ड नावाचे शिक्षक तो चालवीत असत. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःची चित्रशाळा थाटली आणि ती अनेक वर्षे चालविली.

त्या काळी छायाचित्र घेणे हा लहानसहान खटाटोप नव्हता. तेव्हा प्रचारात येत असलेल्या एका रीतीत काचेच्या पट्टीवर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य पसरावे लागे. मग ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवावी लागे. चित्र घेतल्यावर ती सुकण्याच्या आत, थोड्याच मिनिटांत, अंधाऱ्या खोलीत वा तंबूत नेऊन रसायनांनी धुवावी लागे. मुंबईच्या उकाड्यात हे सारे करताना हात काळे होत, काचा फुटत आणि कित्येक चित्रे वाया जात. म्हणून त्या काळच्या शिकण्यात रसायनांचे व कृतीचे ज्ञान हाच मोठा भाग असे. पुढे काचेची जागा फिल्मने घेतली. १९७५ मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मवाचून चालणारा कॅमेरा तयार केला. त्याच्या चित्रात केवळ दहा हजार ठिपके होते आणि एक चित्र साठविण्यास तेवीस सेकंद लागत. आजच्या मोबाइलमधील चित्रात कोट्यवधी ठिपके असतात आणि ते क्षणार्धात साठविले जाते. अशा रीतीने कृतीचे ओझे यंत्राने आपल्या शिरावर घेतले. ओझे उतरले ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्याबरोबर थांबून विचार करण्याची सक्तीही गेली. ओली काच हाती असलेला मनुष्य कळ दाबण्यापूर्वी दहा वेळा विचार करी. ती सवय आता शिक्षकांनी मुद्दाम लावावी लागते.

म्हणून या वर्गाचा पहिला धडा कॅमेऱ्यावाचून व्हावा. विद्यार्थ्यांनी घरून एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका आणावा. त्याच्या एका बाजूस सुईने एक बारीक भोक पाडावे आणि समोरची बाजू कापून तेथे पातळ, अर्धपारदर्शक कागद चिकटवावा. खोका आतून काळा करावा, म्हणजे उजेड इकडेतिकडे उसळणार नाही. मग डोक्यावर जाडसर चादर घेऊन, भोक बाहेरच्या उन्हाकडे करून कागदाकडे पाहावे. प्रथम काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की कागदावर हळूहळू पटांगणातले झाड उमटते, आणि तेही उलटे! शेंडा खाली, बुंधा वर. झाडाखालून कोणी चालत गेले तर तेही डोके खाली करून चालताना दिसते.

असे का व्हावे? प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो. झाडाच्या शेंड्याकडून निघालेला किरण भोकातून सरळ खाली जातो व कागदाच्या तळाशी पडतो. बुंध्याकडचा किरण वर चढतो व कागदाच्या माथ्यावर पडतो. भोक मोठे केले तर चित्र उजळते, परंतु पुसट होते. कारण एकाच ठिकाणाहून आलेले किरण कागदावर पसरून पडतात. भोक फारच बारीक केले तरीही चित्र पुसट होते. कारण अतिशय अरुंद वाटेतून जाताना प्रकाश किंचित पसरतो. सुमारे वीस सेंटिमीटर लांबीच्या खोक्याला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे भोक चांगले काम देते. या भोकाच्या जागी भिंग बसविले, कागदाच्या जागी प्रकाश टिपणारी पट्टी ठेवली, आणि प्रकाश किती वेळ आत घ्यावयाचा हे ठरविणारी झडप लावली, की कॅमेरा झाला. जगातील अत्यंत महागडा कॅमेराही मुळात हा खोकाच आहे. ज्या मुलाने हा खोका स्वतःच्या हाताने केला, त्याला यंत्राची भीतीही वाटत नाही आणि त्याचा गर्वही होत नाही. शिवाय येथे एक मोठा लाभ साधतो. कोणाच्या घरी भारी मोबाइल आहे आणि कोणाच्या घरी नाही, हा भेद पहिल्याच दिवशी नाहीसा होतो. कारण सुईचे भोक सर्वांचे सारखेच!

दुसरा धडा चौकटीचा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याच्या मधोमध एक लांबट चौकोन कापावा आणि त्या खिडकीतून विद्यार्थ्यांनी आपला परिसर पाहावा. उपनगरात एका दृष्टिक्षेपात किती गोष्टी येतात! रिक्षा, जाहिरातीचे फलक, विजेच्या तारा, वाळत घातलेले कपडे, पिंपळाचे झाड, त्याच्या पारावर बसलेले म्हातारे गृहस्थ. चौकट डोळ्याजवळ धरली तर हे सर्व आत येते. दूर धरली तर केवळ ते गृहस्थ उरतात. आणखी दूर धरली तर त्यांचे काठीवर ठेवलेले हात तेवढे उरतात. चौकटीत काय घ्यावयाचे हे ठरविणे म्हणजेच काय सोडावयाचे हे ठरविणे होय. लेखक निबंध लिहिताना नको ते वाक्य खोडतो, तसेच हे आहे. या धड्यानंतर शिक्षकांनी प्रत्येकाला एवढेच विचारावे, "तू काय सोडलेस, आणि का सोडलेस?" ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येते, त्याने पाहण्यास आरंभ केला असे समजावे.

तिसरा धडा प्रकाशाचा. चित्रकाराचे द्रव्य जसे रंग, तसे छायाचित्रकाराचे द्रव्य प्रकाश. तो समजून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. शाळेच्या पायऱ्या सकाळी, दुपारी आणि सायंकाळी अशा तीन वेळा पाहाव्यात. सकाळी तिरपे ऊन पडते, तेव्हा प्रत्येक पायरीची सावली लांब पडते आणि दगडाचा खरखरीतपणा डोळ्यांना जाणवतो. दुपारी सूर्य डोक्यावर आला की सावल्या आखडतात आणि पायऱ्या सपाट वाटू लागतात. आषाढात आभाळ भरून आले की सूर्याचा प्रकाश ढगांतून गाळून येतो. सावल्या जवळजवळ नाहीशा होतात, पण झाडांची पाने आणि माणसांचे चेहरे कसे मृदू व स्पष्ट दिसतात! पावसाळ्यात छायाचित्रे चांगली येत नाहीत ही समजूत त्यामुळे खोटी ठरते.

अंधेरीस गिल्बर्ट टेकडी आहे. काळ्या बेसाल्ट दगडाचा हा उभा कडा सुमारे एकसष्ट मीटर उंच असून त्याचे वय कित्येक कोटी वर्षांचे आहे. भूगोलाच्या पुस्तकात ही माहिती एका ओळीत संपते. परंतु सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिले, तर त्या कड्यावरील उभ्या स्तंभांची रेघन् रेघ उठून दिसते. तप्त लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या, ही गोष्ट तेथे प्रकाशच समजावून सांगतो. बोरिवलीच्या वनातील कान्हेरी लेण्यांतही असेच होते. गुंफेच्या खोल भागात उभे राहून दाराकडे पाहिले, तर बाहेरचा झगझगाट आणि आतला अंधार दोन्ही कॅमेऱ्याला एकदम सांभाळता येत नाहीत. बाहेरचे नीट आणावे तर आतले काळे पडते. आतले नीट आणावे तर बाहेरचे पांढरे फटक होते. माणसाचा डोळा हे दोन्ही सहज पाहतो. यावरून विद्यार्थ्यांच्या ध्यानात येते की, कॅमेरा ही आपल्या डोळ्याची हुबेहूब नक्कल नव्हे. त्याला मर्यादा आहेत, आणि त्या ओळखूनच त्याच्याकडून काम करून घ्यावे लागते.

चौथा धडा संयमाचा. जुन्या चौकोनी चित्रांच्या कॅमेऱ्यात फिल्मची एक गुंडाळी घातली की बाराच चित्रे निघत. मोबाइलला अशी मर्यादा नाही. म्हणून शिक्षकांनी ती घालावी. आठवड्याला बारा चित्रे, तेरावे नाही. आणि काढलेले चित्र पुसावयाचेही नाही. आरंभी मुले कुरकुरतात. परंतु बाराच चित्रे मिळणार हे कळल्यावर तीच मुले कळ दाबण्यापूर्वी दोन पावले मागे सरतात, एकदा खाली वाकून पाहतात आणि ढग सरकण्याची वाट पाहू लागतात.

संयमाचे एक उत्तम उदाहरण दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात आढळते. त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते आणि छायाचित्रणाचा व्यवसायही करून पाहिला होता. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ मध्ये लोकांपुढे आला. त्यापूर्वी, १९१२ मध्ये, त्यांनी एक लहानसा प्रयोग केला. एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि सुमारे महिनाभर थोडी थोडी चित्रे घेतली. ती सारी चित्रे एकापाठोपाठ पडद्यावर दाखविली, तेव्हा मातीतून अंकुर वर येतो, वाढतो आणि वेल होतो, हा महिन्याभराचा व्यापार पाहणाऱ्यांना थोडक्या वेळात दिसला. पाहणारे थक्क झाले आणि मोठा चित्रपट काढण्यास लागणारे भांडवल मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. वाटाण्याचा अंकुर कोणी पाहिला नव्हता? सर्वांनीच पाहिला होता. पण त्याचे वाढणे कोणी पाहिले नव्हते. त्यासाठी महिनाभर एका कुंडीपुढे बसण्याची तयारी असलेला मनुष्य लागला.

येथवरचे धडे वस्तूंचे आणि निसर्गाचे झाले. पाचवा धडा माणसांचा, आणि या वर्गातील सर्वांत कठीण धडा तोच होय. दगडाला आपले छायाचित्र कसे आले याची पर्वा नसते, माणसाला असते. समजा, एका विद्यार्थ्याने बाजारातून एक सुंदर चित्र आणले. दुपारची वेळ आहे. भाजीच्या पाट्यांमागे एक भाजीवाली भिंतीला टेकून झोपी गेली आहे. तोंड किंचित उघडे आहे, पदर ढळला आहे, आणि पत्र्याच्या फटीतून आलेला कवडसा नेमका तिच्या थकलेल्या चेहऱ्यावर पडला आहे. चौकट नेटकी आहे, प्रकाश उत्तम आहे. सर्व वर्ग म्हणतो, हेच चित्र पहिले! शाळेच्या प्रदर्शनात हेच लावावे! अशा वेळी शिक्षकांनी काय करावे?

शिक्षकांनी वर्गाला एवढेच विचारावे, "उद्या ही बाई आपल्या मुलाला शाळेत सोडावयास आली आणि तिने हे चित्र भिंतीवर पाहिले, तर तिला काय वाटेल?" हा प्रश्न साधा आहे, परंतु तो कॅमेऱ्याची दिशाच फिरवितो. आतापर्यंत मुले त्या बाईकडे पाहत होती. आता ती बाई त्यांच्याकडे पाहू लागते. चित्र कितीही चांगले असो, ते भिंतीवर लागता कामा नये, असा निर्णय बहुधा मुलेच देतील. तो मुलाला शिक्षा म्हणून दिलेला नसावा. चित्रातील त्याच्या कौशल्याचे कौतुक करावे, आणि त्याला पुन्हा बाजारात पाठवावे. या वेळी त्याने त्या बाईसमोर उभे राहून विचारावे, "मावशी, तुमचा एक फोटो काढू का? शाळेत लावायचा आहे." ती म्हणेल, "काढ की बाळा, पण आधी पदर नीट करू दे." किंवा ती नकोही म्हणेल, मग कॅमेरा खाली ठेवून नमस्कार करावा आणि परत यावे. दुसरे चित्र पहिल्याइतके सुंदर येणार नाही, असेही होईल. त्यात पहिल्यासारखा कवडसा नसेल. परंतु त्यात पाहणारीला आणि पाहणाऱ्याला दोघांनाही मान असेल. सौंदर्य आणि सौजन्य यांत निवड करण्याची वेळ आली, तर सौजन्य निवडावे, हा या वर्गाचा नियम होय. तो पाळताना काही चांगली चित्रे गमवावी लागतात. ते नुकसान खरे आहे, आणि ते सोसावयाचे असते.

या नियमाची गरज इतिहासावरूनही कळून येते. विल्यम जॉन्सन हा गृहस्थ १८५० नंतरच्या काळात मुंबईत छायाचित्रे घेत असे. मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची चित्रे असलेला त्याचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये दोन भागांत लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्यातील अनेक चित्रांत माणसांची छायाचित्रे एका जागी घेतली आहेत आणि मागील देखावा दुसऱ्याच स्थळाचा जोडला आहे. कात्रीने आणि कौशल्याने केलेली ही जोडणी पाहणाऱ्याला सहजासहजी कळत नाही. 'कॅमेरा खोटे बोलत नाही' असे लोक म्हणतात. परंतु कॅमेरा चालविणारा खोटे बोलू शकतो, हे दीडशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते. आज तर यंत्राच्या साहाय्याने कधीही न घडलेल्या प्रसंगाचेही हुबेहूब चित्र तयार करता येते. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने भारतातील लोकांविषयी आठ खंडांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. त्यांतील कित्येक चित्रांखाली जातीचे वा जमातीचे नाव आढळते. चित्रातील माणसाचे स्वतःचे नाव आढळत नाही. फुलपाखरांच्या संग्रहात टाचणीने टोचलेल्या नमुन्यांप्रमाणे ही माणसे त्या पानांवर उभी आहेत. त्यांची नावे विचारण्यास कितीसा वेळ लागला असता?

म्हणून वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही ठेवावी. माणसाचे छायाचित्र घेतले की तारीख, वेळ आणि स्थळ त्या वहीत टिपावे. त्या व्यक्तीने संमती दिली किंवा नाही हे लिहावे. आणि तिची हरकत नसेल तर तिचे नावही लिहावे. चित्रात काही बदल केला असेल तर तोही नोंदवावा. ही वही म्हणजे चित्राची साक्ष होय.

होमाई व्यारावाला यांचे उदाहरण या संदर्भात विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. १९१३ मध्ये नवसारी येथे जन्मलेल्या होमाईंनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. आरंभी त्यांची काही चित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध झाली. परंतु त्या कामापासून ढळल्या नाहीत. १९४७ मध्ये स्वातंत्र्याचा उदय झाला, तेव्हाचे अनेक क्षण त्यांनी टिपले. पंतप्रधानांपासून परदेशी पाहुण्यांपर्यंत अनेक थोर व्यक्ती त्यांच्या कॅमेऱ्यापुढे आल्या. १९७० मध्ये मात्र, या व्यवसायातील जुनी सभ्यता लोपत चालली आहे असे वाटून, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला आणि २०१२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. कॅमेरा केव्हा उचलावा हे पुष्कळांना कळते. तो केव्हा खाली ठेवावा हेही छायाचित्रकाराला कळावे लागते.

आता प्रश्न उरतो वर्गाच्या व्यवस्थेचा. प्रत्येक मुलाला कॅमेरा देता येईल अशी शाळा विरळाच. पण तशी गरजही नाही. तीन विद्यार्थ्यांत एक कॅमेरा पुरतो. एकाने चित्र घ्यावे, दुसऱ्याने पांढरा पुठ्ठा धरून चेहऱ्यावर उजेड परतवावा, तिसऱ्याने वहीत नोंद करावी; आणि दर आठवड्यास कामे बदलावीत. कोणाचा मोबाइल भारी आहे याला या वर्गात किंमत नसावी. चित्रे पाहण्याच्या दिवशी ती भिंतीवर ओळीने लावावीत. 'छान आहे' आणि 'छान नाही' हे दोन शब्द त्या दिवशी वर्ज्य करावेत. प्रथम प्रत्येकाने चित्रात काय आहे तेवढे सांगावे. नंतर नजर प्रथम कोठे गेली ते सांगावे. आणि शेवटी, चित्र काढणाऱ्याला काय दाखवावयाचे होते याचा अंदाज करावा. चित्र काढणाऱ्याने तोवर गप्प बसून ऐकावे. फसलेली चित्रेही भिंतीवर असावीत, कारण हललेल्या एका चित्रापासून वर्ग जितके शिकतो, तितके दहा चांगल्या चित्रांपासून शिकत नाही.

काही पालक विचारतील, "याचा परीक्षेत काय उपयोग? मुलगा काही छायाचित्रकार होणार नाही." त्यांची शंका अगदीच अस्थानी नाही. उपनगरात राहणाऱ्या आईबापांचा दिवस गाडीच्या वेळापत्रकावर चालतो. मुलाच्या एकेका तासाचा हिशोब त्यांना ठेवावाच लागतो. या वर्गातील बहुतेक मुले पुढे छायाचित्रकार होणार नाहीत, हेही खरेच आहे. कोणी कारकून होईल, कोणी परिचारिका होईल, कोणी अभियंता होईल, कोणी दुकान चालवील. परंतु परिचारिकेला रोग्याचा चेहरा पाहावा लागतो, अभियंत्याला भिंतीवरची बारीक भेग पाहावी लागते, आणि दुकानदाराला समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाची अडचण पाहावी लागते. शिवाय ही सर्व मुले उद्या नागरिक होतील. कोणीतरी पाठविलेले एखादे चित्र त्यांच्या हातातील पडद्यावर येईल, आणि ते खरे मानावे की खोटे, पुढे पाठवावे की थांबवावे, हे त्यांना क्षणात ठरवावे लागेल. त्या वेळी ज्या मुलाने कधी काळी चौकट हाती धरली होती, तो विचारील, "या चौकटीबाहेर काय होते?"

वर्षाअखेरीस शिक्षकांनी पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारावा. "तुमच्या चित्रांतले एक आठवा आणि त्याविषयी सांगा." एखादा मुलगा मुलुंडच्या मिठागरांवरील पांढऱ्या राशींविषयी बोलेल, एखादी मुलगी घाटकोपरच्या टेकडीवरील चाळीत, पहाटे चूल पेटविणाऱ्या आपल्या आजीविषयी सांगेल. उजेड कोणत्या बाजूने येत होता, मागे काय होते, आजीचे हात कोठे होते, हे ती मोबाइल न उघडताच सांगू शकेल. त्या वेळी कॅमेरा टेबलावर बंद पडून असेल, आणि छायाचित्र मात्र वर्गातील प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे उभे राहील.